जादा पाटा

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. चौकापासून जरा बाजूला गेलं की गॅरेजांची ओळ लागते. पंक्चर, वायरिंग, रेडिएटर, वेल्डिंग, आणि त्यांच्यात एखादी पत्र्याची शेड अशी, की जिच्या दारात वाकड्या-तुटक्या पोलादी पट्ट्यांचा ढीग पडलेला असतो. हे पाटेवाल्याचं, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगचं काम करणाऱ्याचं दुकान. टोमॅटोच्या हंगामात इथे सकाळपासून पिकअप उभ्या राहतात आणि बहुतेकांचं मागणं एकच असतं: मागं एक पाटा वाढवून द्या.

२०२३ च्या जुलैमध्ये त्या रांगेत आमच्या घरची पिकअपही होती. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजारांच्या वर गेला होता. ज्या पिकानं मागची कित्येक वर्षं रस्त्यावर ओतायला लावलं, त्याच्या एकेका क्रेटची राखण चालली होती. अशा दिवसांत जागा नाही म्हणून क्रेट बांधावर सोडून जाणं कुणाच्याही जिवावर येईल. माझा चुलतभाऊ, ज्याला घरात लहानथोर सगळे दादाच म्हणतात, रोज रात्री नवी मुंबईत वाशीच्या बाजारात माल घेऊन जायचा. शंभर क्रेट भरले की गाडी मागून बसायची. बोनेट आभाळाकडे, मागचा टायर मडगार्डला घासलेला. मिस्त्रींनी ट्रकच्या भंगारातला एक जाड पाटा उचलला, मापानं कापला, भट्टीत लाल केला, ऐरणीवर ठोकून त्याला कमान दिली आणि दोन्ही बाजूंना एकेक चढवला. दीड-दोन तासांत काम झालं. त्या रात्री शंभर क्रेट भरूनही गाडी सपाट उभी राहिली. दादानं तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरवर थाप दिली आणि निघाला. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान मला अजून दिसतं.

त्या सपाट उभ्या गाडीनं पुढचं सव्वा वर्ष आम्हाला फसवलं.

*

आपल्याकडे शेतमाल आणि बाजार यांच्यामधला दुवा पिढीगणिक बदलत आला. बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असायची आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट गाडीवानाच्या मणक्यात जायचा. टांग्याला मात्र पाटे आले, कारण टांग्यात माणसं बसायची. मग पुण्याच्या बजाज टेम्पोनं तीनचाकी आणली. ती कंपनी १९५८ मधली. तिचं नाव पुढे बदललं, पण गावाकडे मालवाहू छोट्या गाडीला आजही टेम्पोच म्हणतात. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली. २००५ मध्ये एस, म्हणजे छोटा हत्ती आला आणि पाऊण टनाची गाडी सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. त्याच्या वरच्या पायरीवर बोलेरोसारख्या पिकअप बसल्या. आज जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही गावात संध्याकाळी उभं राहिलं तर पांढऱ्या पिकअपची माळच दिसते. यातल्या बऱ्याच गाड्या कर्जावर घेतलेल्या असतात. हप्ता महिन्याला येतो, पीक हंगामाला येतं, आणि भाडं क्रेटवर मिळतं. पाटेवाल्याच्या दारातली रांग समजून घ्यायची तर ही तीन वाक्यं पुरेत. दादाला मी हावरा म्हणणार नाही. साठ क्रेटच्या भाड्यात डिझेल, टोल, हमाली आणि हप्ता बसवून दाखवा, मग बोलू.

पण पाट्याचं गणित कुणाची अडचण बघत नाही.

पाटा म्हणजे खास पोलादाची पट्टी. कार्बनबरोबर त्यात सिलिकॉन, क्रोमियम, मँगनीज अशी भर असते, म्हणून ती वाकून पुन्हा मूळ आकाराला येते. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. एका डोळ्यातून पिन चेसिसला जाते, दुसरा डोळा शॅकलवर झुलतो, कारण कमान दबली की तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला वाट लागते. मेन पाट्याखाली उतरत्या लांबीचे बाकीचे पाटे, मधोमध सेंटर बोल्ट, आणि सगळी चळत यू-बोल्टांनी एक्सलवर आवळलेली. पिकअपला तळाशी बहुधा हेल्परही असतो. गाडी रिकामी असताना तो नुसता थांबलेला असतो. भार आला, वरची कमान खाली आली, की तो कामाला लागतो. हे पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातही थोडा धक्का जिरतो. म्हणूनच गंजलेली, मातीनं भरलेली कमान दगडासारखी आदळते.

आता जाडीकडे बघू. पाटा वाकायला किती ताठर असेल हे त्याच्या जाडीच्या घनावर ठरतं. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. पुढे एकदा मी कॅलिपर घेऊन आमचे पाटे मोजले. कंपनीचे सहा, प्रत्येकी ८ मिलिमीटर. भंगारातून आलेला १२ मिलिमीटर. दीडपटीचा घन ३.३७५. लांबी-रुंदी सारखी धरली तर तो एकटा पाटा आमच्या तीन पाट्यांपेक्षा जास्त ताठर होता. सहाची कमान एका झटक्यात सव्वानऊची झाली होती. मिस्त्रींच्या हिशेबात तो ‘एक पाटा’ होता.

त्याच्यात दुसरी एक खोड असते. जाड पट्टी आणि पातळ पट्टी सारखीच वाकवली तर जाड पट्टीच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो. वहीचं पान दुमडून बघा आणि मग पुठ्ठा दुमडून बघा. भेग कुठे पडते ते दिसेल. म्हणजे कमानीत सगळ्यात आधी तुटण्याची पाळी त्या जाड पाट्याचीच असते. तो आधीच एका ट्रकखाली आयुष्य काढून आलेला असतो. शिवाय त्याला लाल करून ठोकल्यानंतर पाणी कसं दिलं, हा प्रश्न राहतोच. विळ्या-कोयत्याला पाणी देणारा गावचा लोहार हे जाणतो. पाट्याचं पोलाद साधारण साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवून तेलात विझवावं लागतं, आणि मग पुन्हा साडेचारशे-पाचशे अंशांवर ठेवून त्याची ठिसूळता काढावी लागते. नुसतं लाल करून, कमान देऊन, हवेत थंड केलं तर ते पोलाद आपला स्वभाव विसरतं. एकतर बसतं, नाहीतर मोडतं. कारखान्यात पाट्याच्या ताणल्या जाणाऱ्या बाजूवर बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करतात, म्हणजे पृष्ठभाग आतून आवळलेला राहतो आणि भेग लवकर सुरू होत नाही. भट्टीत लाल केलं की ती सगळी मेहनतही जाते. आळेफाट्याच्या मिस्त्रींचा हात उत्तम आहे. त्यांच्या ठोक्यातून पडलेली कमान डोळ्यांनी जोडीला जोड जुळते. पण तापमान बघायला त्यांच्याकडे पोलादाचा रंग आहे आणि वेळ बघायला दारात उभं असलेलं गिऱ्हाईक आहे.

*

जादा पाट्याचा पहिला हिसका बसला तो परतीच्या वाटेवर, रिकाम्या गाडीत.

स्प्रिंगवर बसलेली कुठलीही वस्तू आपल्या लयीत झुलते. भारानं स्प्रिंग जितकी जास्त दबते, तितकी ती लय संथ. साधा हिशेब आहे: पाटा किती सेंटीमीटर दबला त्याचं वर्गमूळ काढायचं आणि पाचाला त्यानं भागायचं, सेकंदाला किती झोके ते मिळतं. सोळा सेंटीमीटर दबला तर सव्वा झोका, पाळण्यासारखा. चार सेंटीमीटर दबला तर अडीच. आमच्या गाडीत जादा पाटा पडल्यावर रिकाम्या वजनानं कमान दोन सेंटीमीटर दबायची मारामार. म्हणजे सेकंदाला साडेतीन झोके, वर टायरची उडी वेगळी. माणसाच्या धडाला उभ्या दिशेनं सगळ्यात जास्त त्रास देणारी कंपनं सेकंदाला चार ते आठच्या दरम्यान असतात. दादाची कंबर त्या हिवाळ्यात धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला, सगळ्यांनी वयावर ढकललं.

दुसरा हिसका मालाला बसला. क्रेटची थप्पी रचली की सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात मागच्या क्रेटमधलं फळ जास्त नाचतं. एक्सलच्याही मागे असलेला हौदाचा भाग सगळ्यात जास्त उसळतो आणि थप्पीच्या टोकाला ती उसळी वाढूनच पोचते. टोमॅटोला बाहेरून काही दिसत नाही. आत गर सुटतो आणि वाशीला पोचेपर्यंत क्रेटच्या तळाशी पाणी साचतं. व्यापाऱ्यानं ‘डागी’ म्हणून भाव पाडला की आम्ही व्यापाऱ्याला नावं ठेवायचो. भाव आमच्याच गाडीच्या कमानीनंही पाडला होता, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. शॉकअप मूळचेच होते. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी तेलाच्या बारीक छिद्रांतून मुरवायचं. स्प्रिंग दीडपट ताठर झाली की उलट्या झटक्याचा जोरही वाढतो आणि जुना शॉकअप तो धरू शकत नाही. आमचे दोन्ही मागचे शॉकअप दोन महिन्यांत गळायला लागले, आणि आम्ही म्हणालो, हल्ली माल चांगला येत नाही.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती आधी कळायला हवी होती असं आज सगळ्यात जास्त वाटतं. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या वाटेवर एक व्हॉल्व्ह असतो. तो चेसिसवर बसवलेला, आणि त्याची दांडी मागच्या एक्सलला जोडलेली. गाडी भरली की चेसिस एक्सलच्या जवळ येते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की भार आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी, नाहीतर मागची चाकं जागीच जाम होऊन गाडी आडवी फिरेल. हा व्हॉल्व्ह वजन मोजत नाही. तो फक्त चेसिस आणि एक्सल यांच्यामधलं अंतर मोजतो. जादा पाट्यानं गाडी सपाट उभी ठेवली तेव्हा आम्ही खूश झालो. व्हॉल्व्हला मात्र वाटलं की गाडी जवळजवळ रिकामी आहे. शंभर क्रेट घेऊन दादा माळशेज घाट उतरत होता, आणि मागच्या चाकांना अर्धपोटी ब्रेक मिळत होता. सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर. खाली उतरल्यावर पुढच्या चाकांतून जळका वास यायचा. पावसाळ्यात, धुक्यात, वळणावर दगड आलेले असताना, रोज रात्री हे चाललं होतं.

पाटा वाढवला की पाटाच तेवढा वाढतो. एक्सलचं हाउसिंग, बेअरिंग, ब्रेक, चेसिस, रिम, टायर सगळे जिथल्या तिथे असतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

*

टायरची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण टायर हे गाडीचं एकमेव अंग आहे जे स्वतःबद्दल सगळं लिहून ठेवतं, आणि ते आपण वाचत नाही.

टायरच्या बाजूवर 215/75 R15 असं काही कोरलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के. आर म्हणजे रेडियल; मिशेलिननं १९४६ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं ती रचना. तिच्यात आतले दोर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पोलादी पट्टा असतो. जुन्या नायलॉन टायरात दोर एकमेकांवर तिरके. बाजू कणखर, पण चालताना थर एकमेकांवर घासून तापणारे. शेवटचा आकडा रिमचा, इंचांत. यापुढे आणखी एक आकडा असतो आणि खरं काम त्याचं आहे: भार निर्देशांक. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२०. त्यापुढचं अक्षर वेगाचं. एल म्हणजे ताशी १२०, एन म्हणजे १४०. आणखी एका कोपऱ्यात चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रिमोल्ड केलेल्या टायरची मूळ बाजू शाबूत असेल तर त्याच्यावरही ही जन्मतारीख वाचता येते. नक्षी नवी असते, हाडं जुनी.

हा भार निर्देशांक खरा ठरतो तो पूर्ण हवा असेल तरच. टायर भार पेलतो तो आतल्या हवेच्या जोरावर. रबर आणि दोर त्या हवेला फक्त आवरून धरतात. साडेसातशे किलोचा भार आणि ५० पीएसआय हवा असेल तर रस्त्याला टेकतो तो तुकडा साधारण दोनशे चौरस सेंटीमीटरचा, उघड्या पंज्याच्या दीडपट. तेवढ्यावर ब्रेक, वळण, घाट, पाऊस सगळं. हवा कमी किंवा भार जास्त झाला की तो तुकडा पसरतो, बाजू फुगतात, प्रत्येक फेरीला दुमडतात आणि उलगडतात. तार वाकवत राहिलं की ती गरम होऊन तुटते, तसंच टायरच्या आत चालू असतं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाल्यापासून टायर फुटण्याच्या बातम्या आपण वाचतो आणि काँक्रीटला दोष देतो. पण तासन्‌तास न थांबता एका वेगानं पळताना अपुऱ्या हवेच्या टायरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. जुन्या रस्त्यावर खड्डा, गाव, चहाची टपरी टायरलाही विश्रांती द्यायची. हवा थंड टायरमध्येच तपासावी लागते. ५० पीएसआयची हवा तीस अंशांनी तापली तर सहाएक पीएसआयनं वाढते. ते बघून घाबरून हवा काढणारे पुष्कळ आहेत, आणि सकाळी त्यांचा टायर उपाशी असतो.

दादानं पाट्यानंतर टायरही बदलले होते. 215/75 च्या जागी 235/75, रुंद आणि दिसायला भारदस्त. हिशेब करू. जुन्या टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर, नव्याचा ७३३.५. सव्वाचार टक्क्यांची वाढ. गाडी १५ मिलिमीटर वर आली, शेतातल्या चिखलात त्याचा थोडा उपयोग झाला. पण काट्यावर साठ दिसायचे तेव्हा गाडी बासष्टच्या पुढे पळत असायची. शिवाय मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा उंच झाला. घाट चढताना दुसऱ्या गिअरची गाडी पहिल्यावर यायला लागली, क्लच प्लेट लवकर गेली. सगळ्यात वाईट म्हणजे हे टायर प्रवासी गाडीचे होते. रुंद दिसतो म्हणून जास्त ओझं पेलेल, हा डोळ्यांचा समज. दुकानात मापाची चौकशी झाली, नक्षीची झाली, किमतीची झाली. निर्देशांक कुणी विचारला नाही, कुणी सांगितला नाही.

चाकं मोठी करून गाडी बदलण्याचं काम नीट कसं होतं ते बघायचं तर आइसलँडकडे बघावं. तिथल्या हिमनद्यांवर हायलक्ससारख्या पिकअप ३८ आणि ४४ इंची टायर लावून जातात. बर्फावर पोचल्यावर टायरमधली हवा दोन-तीन पीएसआयपर्यंत उतरवतात, म्हणजे चाकाचं पाऊल पसरतं आणि गाडी भुसभुशीत बर्फावर तरंगत जाते. पण तेवढं चाक बसवताना तिथले कारागीर मडगार्ड कापून नव्यानं घडवतात, डिफरन्शियलचे दात बदलतात म्हणजे इंजिनावर ताण येत नाही, सस्पेन्शन नव्यानं बांधतात. एक गोष्ट बदलली की तिच्या मागची साखळी ते शेवटपर्यंत तपासत जातात. हौसेच्या गाड्यांना दोन इंच उंच करणारी आपल्याकडची शहरी मंडळी परदेशी किट मागवतात. त्यांच्यातले जाणकारही हेच सांगतात.

*

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. जादा भाराला वीस हजार, आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. तुटलेल्या पाट्याच्या जागी त्याच मापाचा पाटा बसवणं ही दुरुस्ती. भंगारातला बारा मिलिमीटरचा चढवणं हा बदल. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर रस्त्यावर आणायचा नाही, हाही नियम आहे. पण दंडाच्या भीतीनं माणसं रस्ता बदलतात, पाटा नाही. म्हणून मी दादाशी कधी कायद्यावरून वाद घातला नाही.

आणि पिकअपमधून क्रेटच जातात असं कुठे आहे? लग्नाचं वऱ्हाड, मजूर, देवदर्शन, सगळं त्याच हौदातून. ११ ऑगस्ट २०२५ ला, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप घाटात मागे येऊन दरीत गेली. ते ठिकाण आमच्यापासून लांब नाही. त्या दिवसापासून आमच्या घरातल्या बायका हौदात बसत नाहीत, कुणी कितीही आग्रह केला तरी.

*

आमचा पाटा तुटला तो २०२४ च्या सप्टेंबरात, माळशेज उतरून टोकावड्याच्या अलीकडे. बंदुकीसारखा आवाज झाला म्हणे. जादा पाटा बरोबर मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी मोडला. यू-बोल्ट आधीच सैल होते. सेंटर बोल्ट कापला गेला आणि एक्सल एका बाजूनं मागे सरकला. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली, टायर हौदाच्या अँगलला घासून धूर निघाला. सपाटीचा रस्ता होता, दादाला काही झालं नाही. मागून येणाऱ्या दोन गाड्यांनी क्रेट वाटून घेतले आणि वाशीला पोचवले. पैसे मागितले नाहीत. या रस्त्यावरचे लोक असे आहेत.

गाडी परत आणल्यावर मी दादाला एकच मागितलं: आधी काटा करू. टोमॅटोला भुईकाटा लागत नाही. क्रेट मोजले की हिशेब संपतो. नाशिककडे, लासलगाव-पिंपळगावला खुला कांदा गाडीसकट काट्यावर चढतो, त्यामुळे तिथल्या चालकाच्या खिशात रोज आपल्या गाडीच्या वजनाची पावती असते. आमच्याकडे ती कुणाच्याच खिशात नव्हती. आम्ही तुटका पाटा काढला, तात्पुरती कमान आवळली आणि गाडी आळेफाट्याच्या काट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग सगळी गाडी, मग फक्त मागची. रिकामी, दादा सीटवर: पुढे ९१०, मागे ७४०, एकूण १,६५०. मग शंभर क्रेट भरून पुन्हा तेच. रिकाम्या क्रेटचं वजन आम्ही कधी धरलंच नव्हतं. एकेक पावणेदोन किलोच्या आसपास, शंभरांचे पावणेदोनशे. भरलेली: पुढे १,०१०, मागे २,८३०, एकूण ३,८४०. आरसीवर एकूण वजन २,९९०. मागच्या एकेका टायरवर १,४१५ किलो. मूळच्या टायरचा निर्देशांक होता १०८.

दादा ती पावती हातात घेऊन बराच वेळ उभा होता. “सव्वा वर्ष मी हे घेऊन घाट उतरत होतो,” एवढंच म्हणाला.

पुढचं काम चार दिवसांचं झालं. मिस्त्रींनी तक्रार न करता ऐकून घेतलं. त्यांनाही आकडे पहिल्यांदाच दिसत होते. कंपनीच्या मापाची पूर्ण नवी कमान, हेल्परसकट. यू-बोल्ट नवे, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढा आवळत नाही. आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला यायचं ठरलं, कारण नवी कमान चालून बसते. शॅकलच्या पिना, बुश, चारही शॉकअप. ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापावर. टायर पुन्हा 215/75, मालवाहू गाडीचे, त्याच मापात जास्त निर्देशांकाचे. त्यांच्यामुळे आरसीवरचं वजन वाढत नाही. उन्हाळ्यात टायर कमी तापतो, एवढंच. अलाइनमेंट, आणि हेडलाइटही खाली आणले, कारण सव्वा वर्ष ते समोरच्याच्या डोळ्यांत जात होते.

आणि क्रेट साठ. २,९९० मधून १,६५० वजा केले, पावणेबावीसनं भागलं, एकसष्ट आले. ताडपत्री आणि दोरखंडाला एक सोडला. उरलेले चाळीस आता शेजारच्या दोघांच्या मालाबरोबर भाड्याच्या ४०७ नं जातात. दादाला महिन्याकाठी तोटा होतो. कंबर बरी आहे आणि डागी मालाची कटत कमी झाली, पण त्यानं सगळी भरपाई होते असं मी म्हणणार नाही. क्रेटमागचं भाडं साठच्या हिशेबानं ठरायला हवं; ते शंभरच्या हिशेबानं ठरतं, कारण बाकीचे शंभर भरतात. हे एकट्या दादाच्या हातात नाही. बाजार समितीच्या दारात भुईकाटा असताना टोमॅटोची गाडी त्याच्यावरून न जाता आत शिरते, हे मला खटकतं.

गेल्या महिन्यात मी त्याच्याबरोबर गेलो होतो. आळेफाट्याला काट्यावरच्या पोरानं नवीन कुणी असल्यासारखं विचारलं, “सगळी गाडी घ्या की वर, निम्मी कशाला?” दादानं काच खाली केली. “आधी पुढची चाकं घे,” तो म्हणाला, “मग मागची. दोन पावत्या दे.” पोरानं दोन पावत्या फाडल्या. दादानं त्या वाचल्या, सनव्हायजरच्या रबरात आधीच्या गठ्ठ्यावर खोवल्या आणि ओतूरच्या दिशेनं गाडी वळवली.